शेफ-लेखिका माहेरी येताहेत : नागपुरात सत्कार कसा आखावा?

महाल_वाचक :

नमस्कार मंडळी. आमचं वाचनालय आणि शाळेचं माजी विद्यार्थी मंडळ मिळून एका शेफ-लेखिकेचा सत्कार ठरवून राहिलो आहोत. त्या मूळच्या नागपूरच्या महाल भागातल्या. शिक्षण इथेच झालं, पुढे परदेशात मोठमोठ्या स्वयंपाकघरांत काम केलं. दोन पुस्तकं मराठीत आणि दोन इंग्रजीत आहेत. बऱ्याच वर्षांनी आठवडाभरासाठी नागपूरला येताहेत. समितीने जाहीर करेपर्यंत नाव इथे देत नाही.

अंदाजे अडीचशे लोक, संध्याकाळचा कार्यक्रम, नंतर जेवण. बजेट तीन लाखांच्या आसपास. समितीचा सध्याचा आराखडा असा आहे : दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सहा पाहुण्यांची मनोगतं, शाल-श्रीफळ-मानपत्र, मग बाईंचं रंगमंचावर पाककृतीचं प्रात्यक्षिक आणि शेवटी केटररचं नेहमीचं जेवण. तारीख डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा जानेवारीची अखेर.

यात मला तीन गोष्टी खटकतात. ज्या बाईंनी आयुष्यभर अन्नावर काम केलं, त्यांना आपल्याच गावात पनीर आणि छोले वाढायचे हे पटत नाही. पण सावजी चवीचं जेवण अडीचशे लोकांना नीट जमेल का, आणि बाईंना तिखट सोसेल का? दुसरं, प्रात्यक्षिक ठेवावं की नाही? तिसरं, त्या लेखिका आहेत हे आराखड्यात कुठेच दिसत नाही. पुस्तकांचं काय करावं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

धंतोली :

आधी तारखेचं बघा. डिसेंबर सोडून द्या. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या रस्त्यांवर नाकाबंदी असते, रोज मोर्चे निघतात, हॉटेलात खोली मिळत नाही आणि भाड्याच्या गाड्या महिनाभर आधीच बांधल्या जातात. अधिवेशनाची तारीख पुढेमागे सरकली तर तुमचा सगळा आराखडा कोलमडतो. संक्रांत झाल्यावर, 26 जानेवारीच्या जोडसुट्ट्या टाळून एखादा शनिवार घ्या.

धुक्यामुळे या दिवसांत दिल्लीमार्गे येणारी विमानं तासन्‌तास उशिरा पोचतात. त्यांना शक्य असेल तर मुंबईमार्गे यायला सांगा आणि उतरण्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस यांत किमान एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा. त्या दिवशी कुणाच्याही घरी चहा, फराळ, जेवण ठरवू नका. आठ घरची आमंत्रणं घेतलेला पाहुणा नवव्या ठिकाणी चव घेऊ शकत नाही.

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह फार मोठं आहे, दोन हजारांच्या घरात खुर्च्या. त्यात अडीचशे लोक विरळ दिसतात आणि बोलणाऱ्यालाही ते जाणवतं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक किंवा शंकरनगरचं साई सभागृह असं मध्यम काहीतरी बघा. बुकिंगआधी तीन प्रश्न विचारा : बाहेरचं जेवण चालतं का, मागे चूल मांडता येईल अशी उघडी जागा आहे का, आणि रंगमंचावर 16 अँपिअरचे किती पॉइंट आहेत. साडेपाचला सुरुवात करा, आठला पानं मांडा. जानेवारीत रात्री गारठा चांगलाच असतो, उघड्यावर वाढलेलं अन्न दहा मिनिटांत निवतं. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो.

पडद्यामागे :

रंगमंचावर प्रात्यक्षिक ठेवणारच असाल तर आधी वीज आणि कॅमेरा यांचा हिशोब करा. फजिती तिथेच होते.

बंद सभागृहात गॅसची शेगडी बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इंडक्शन घ्यायची तर एक शेगडी 2000 वॅटची, म्हणजे साधारण पावणेनऊ अँपिअर. दोन शेगड्या एकाच 16 अँपिअरच्या लाइनवर लावल्या तर बेरीज साडेसतरावर जाते. गंमत अशी की एवढ्या थोड्या जादा भाराने एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) लगेच पडत नाही, तार मात्र तापत राहते, आणि त्याच लाइनवर आणखी काही जोडलेलं असलं तर तो नेमका फोडणी टाकायच्या वेळी पडू शकतो. दोन शेगड्यांना दोन वेगळ्या लाइन घ्या, आवाजाची यंत्रणा तिसरीवर ठेवा. एक्स्टेन्शनची तार अडीच चौरस मिलिमीटरची हवी. भिंगरीवर गुंडाळलेली तार पूर्ण उलगडून टाका, गुंडाळीतच ठेवली तर ती तापते.

इंडक्शनवर पितळ, तांबं, ॲल्युमिनियम चालत नाही. तळाशी लोहचुंबक चिकटतं का ते पाहूनच भांडी निवडा. गोल बुडाची कढई उपयोगाची नाही, सपाट बुडाचा गंज, म्हणजे पातेलं, लागेल.

मिरची-लसणाची फोडणी वातानुकूलित सभागृहात कधीच देऊ नये. हवा आतल्या आत फिरते आणि दोन मिनिटांत शेवटच्या रांगेपर्यंत ठसका लागतो. धूर ओळखणारी यंत्रणा असेल तर तीही वाजते. फोडणी मागे करून आणा, रंगमंचावर पुढचं काम दाखवा.

ओट्यावरचं तिसऱ्या रांगेच्या मागे कुणालाच दिसत नाही. एक कॅमेरा ओट्याच्या वर बाजूने तिरपा लावून पडद्यावर चित्र द्या. अगदी डोक्यावर लावला तर वाफ भिंगावर बसते. माइक कॉलरला लावू नका, ॲप्रनला घासून खरखर येते. कानावरून गालाशी येणारा माइक घ्या, आणि मिक्सर सुरू होण्याआधी तो बंद करायला एक माणूस नेमा.

पदार्थ एकच निवडा आणि तो तीन अवस्थांत तयार ठेवा : मोजून ठेवलेलं साहित्य, अर्धं झालेलं आणि पूर्ण झालेलं. पाटवडी यासाठी चांगली. एक वाटी बेसनाला साधारण दीड वाटी उकळतं, फोडणीचं पाणी. बेसन एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने सराट्याने घोटायचं, मग झाकून वाफ आणायची. पाणी जास्त झालं तर वडी बसत नाही, कमी झालं तर आत कच्च्या गुठळ्या राहतात. कोपराला (पसरट थाळ्याला) तेल लावून थापली की पंधरा मिनिटं निवायला लागतात, म्हणून थापलेला दुसरा कोपर आधीच तयार हवा. सगळं मिळून पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

वऱ्हाडी_वाट :

पडद्यामागे यांनी सांगितलेलं तंत्र बिनचूक आहे, पण माझं मत स्पष्ट सांगतो : प्रात्यक्षिक ठेवूच नका. सत्काराला बोलावून उत्सवमूर्तीला कामाला लावणं बरोबर नाही. गायकाला सत्कारात 'दोन ओळी म्हणाच' म्हणतो तशीच ही सवय आहे. परक्या ओट्यावर, परक्या शेगडीवर, अडीचशे लोकांसमोर शिजवणं हे पूर्ण दिवसाचं काम असतं. त्यांनी स्वतःहून इच्छा दाखवली तर वेगळी गोष्ट. मग दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी कार्यशाळा घ्या, आणि तिचं मानधन वेगळं द्या.

त्याऐवजी एक करता येईल. बाईंना त्यांच्या पुस्तकातला विदर्भाच्या पदार्थाबद्दलचा एखादा उतारा पाच-सात मिनिटं वाचायला सांगा. वाचन संपलं की तोच पदार्थ प्रेक्षकांना हातात द्या. सभागृहात खुर्चीवर बसून खायचं म्हणजे कोरडाच पदार्थ हवा. सांबारवडी, म्हणजे सांबाराचं (कोथिंबिरीचं) सारण भरून तळलेली वडी, सगळ्यात योग्य. ती वाढण्यापुरतं बाहेरच्या व्हरांड्यात मध्यंतर केलं तर गालिच्यावर सांडण्याची भीतीही नाही.

अडीचशे लहान वड्यांना निवडलेला सांबार चार किलो, सुकं खोबरं पाऊण किलो, खसखस दोनशे ग्रॅम आणि थोडे तीळ. पारीला साडेतीन किलो बेसन, दीड किलो कणीक आणि कडकडीत मोहन. सांबार आदल्या रात्री धुऊन सुती कापडावर पसरून पूर्ण सुकवा. ओला राहिला तर सारणाला पाणी सुटतं, पारी भिजते आणि वडी तेलात फुटते. सारणात मीठ अगदी भरताना घाला, आधी घातलं तरी तेच होतं. पारीला आतून चिंच-गुळाचं घट्ट पाणी पुसटसं लावायचं, ओघळेल इतकं नाही. आंच मध्यम. मोठ्या आंचेवर वरून रंग येतो, पण घडीतली पारी कच्ची राहते. तळल्यावर तासाभरात वाढली पाहिजे, नंतर ती मऊ पडते.

चुलीपाशी :

जेवणाबद्दल. महाल_वाचक भाऊ, तुमची शंका रास्त आहे. अडीचशे पानं हे सावजी चवीला अवघड नाही, पण केटररला 'नागपुरी मेन्यू' एवढंच सांगून सोडलं तर लाल रंगाचं तेलकट पाणी मिळेल. काय हवं ते तपशिलात लिहून द्या.

जानेवारीच्या अखेरीस वांगी आणि तुरीच्या शेंगा जोरात असतात. संत्र्याचा मात्र मधला काळ : आंबिया बहराचं पीक संपत आलेलं, मृग बहराचं फेब्रुवारीपासून. म्हणून ताज्या संत्र्यावर मेन्यू उभा करू नका. माझ्या मते पान असं असावं : ज्वारीची भाकरी आणि लांब रोटी (उपड्या माठावर भाजलेली), पाटवडी रस्सा, तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) वांग्याची भाजी, गोळाभात (हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे घातलेला भात) आणि कढी, जवसाची चटणी, ठेचा, कांदा-लिंबू, आणि तुपासोबत अर्धी पुरणपोळी. एवढंच. याहून जास्त पदार्थ ठेवले की प्रत्येकाकडे लक्ष कमी पडतं.

रस्सा माणशी दीडशे मिली धरा, म्हणजे चाळीस लिटर. त्याला कांदा आठ-नऊ किलो, सुकं खोबरं दोन किलो, आलं-लसूण मिळून सव्वा किलो, फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) तीन लिटर, मसाला तीनशे ग्रॅम, तिखट तीनशे ग्रॅम. तिखट भिवापुरी घ्या, हळद वायगावची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि ज्या बाईंनी मसाल्यांवर काम केलं आहे त्यांना पहिल्या घासात फरक कळेल. घरची चार माणसांची कृती साठाने गुणून मोठा स्वयंपाक करू नका. मोठ्या गंजात पाणी आटण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढंच पाणी घातलं तर रस्सा पातळ राहतो. मीठ, तिखट आणि लवंग-दालचिनीसारखे उग्र मसाले हिशोबाच्या तीन चतुर्थांशच घालून सुरुवात करा, उरलेलं चव घेऊन.

मसाला तयार पुडीचा नको, आठवडाभर आधी करून घ्या. तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर जमेल असं प्रमाण : धणे 120 ग्रॅम, जिरे 25, खसखस 25, काळी मिरी 20, दालचिनी, मसाला वेलची आणि दगडफूल प्रत्येकी 12, शहाजिरे आणि सुंठ 10-10, लवंग आणि चक्रीफूल 8-8, तेजपान 5, जायपत्री आणि नागकेशर 3-3. भाजण्याचा क्रम महत्त्वाचा. खडे मसाले थोड्या तेलावर, धणे वेगळे, खसखस शेवटी आणि कोरडी. दगडफूल गरम तेलात काही सेकंदच. जास्त परतलं की ते कडू होतं, आणि तो कडूपणा चाळीस लिटर रस्स्यात कशानेही झाकला जात नाही. खोबरं वेगळं, मंद आंचेवर, काळपट तपकिरी होईपर्यंत. सावजी रस्स्याचा गडद रंग मुख्यतः या भाजण्यातून येतो, तिखटातून नव्हे. दाटपणासाठी बेसन लावू नका, भाजलेल्या ज्वारीचं पीठ शंभर-दीडशे ग्रॅम पुरतं.

आता बाईंना तिखट सोसेल का. मिळमिळीत रस्सा करणं हा उपाय नव्हे. रस्सा उकळल्यावर अर्धा तास अगदी मंद आंचेवर न ढवळता ठेवा. तर्री, म्हणजे लाल तेलाचा थर, वर येते. मिरचीचा रंग आणि तिचा तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, त्यामुळे वरची तर्री काढून वेगळ्या गंजात ठेवली की खालचा रस्सा सौम्य होतो, पण मसाल्याची चव त्यात राहते. वाढताना रस्सा आधी, तर्री विचारून. खाणाऱ्याला हवं तेवढं तिखट मिळतं आणि मूळ पदार्थ कुठेच पातळ होत नाही.

पाटवडीला दहा किलो बेसन, त्यातून माणशी शंभर ग्रॅम वडी होते. वड्या तीन-चार तास आधी थापून ठेवल्या तरी चालतात, पण रस्स्यात त्या पानावरच पडल्या पाहिजेत. गंजात टाकून ठेवल्या तर अर्ध्या तासात विरघळू लागतात आणि रस्स्याचं पिठलं होतं. केटररची माणसं सोय म्हणून नेमकं हेच करतात. वडीची परात आणि रस्स्याची बादली वेगवेगळ्या वाढप्यांच्या हातात द्या.

गोळाभात घरी भातावरच गोळे ठेवून करतात. वीस किलो तांदळात ते जमत नाही : खालचे गोळे दबून फुटतात, वरचे कच्चे राहतात. गोळे इडलीपात्रात वेगळे वाफवा, बारा ते पंधरा मिनिटं. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा रवाळ हवा आणि मोहन भरपूर. बारीक बेसनाचे गोळे घट्ट होतात. मोहरी, हिंग, लाल मिरची यांचं कडकडीत तेल ऐन वाढताना. निवलेलं तेल घातलं तर गोळाभातात काही अर्थ उरत नाही.

मांसाहार या कार्यक्रमात नको, पण हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेली ही खाद्यपरंपरा मटण, खूर, सुंदरी (बोकडाची आतडी) यांशिवाय अपुरी आहे. बाई खात असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी एखाद्या जुन्या सावजी भोजनालयात चार-पाच जणांनीच घेऊन जा. फोटोग्राफर नेऊ नका.

दाखल_क्रमांक :

पुस्तकांविषयी. चार पुस्तकांच्या लेखिकेला फक्त हाताला चव असलेली बाई म्हणून गौरवणं हा त्यांच्या अर्ध्या कामाकडे पाठ फिरवणं आहे. पाककृती लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे. मूठ, चिमूट, अंदाज यांना मोजमापात आणायचं, पायऱ्यांचा क्रम लावायचा, वाचणारा कुठे चुकेल ते आधी ओळखायचं. मुलाखत याच्याभोवती बांधा.

मुलाखत घेणाऱ्याने चारही पुस्तकं वाचलेली हवीत आणि त्यांतले किमान दोन पदार्थ पुस्तक समोर ठेवून केलेले हवेत. 'तुमचा आवडता पदार्थ कोणता' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा : भरडा, दगडफूल, लाखोळी डाळ जिथे मिळत नाही तिथल्या वाचकाला काय लिहिता? कोणता पदार्थ पुस्तकात घ्यायचा नाही असं ठरवलं आणि का? मराठी आणि इंग्रजी पुस्तकांत तीच कृती वेगळी का लिहावी लागते? एक कृती छापण्याआधी किती हातांतून तपासली जाते? चाळीस मिनिटं मुलाखत, दहा मिनिटं प्रेक्षकांचे प्रश्न, तेही चिठ्ठीवर आधी गोळा केलेले. सहा मनोगतांची जागा या एका मुलाखतीला द्या. अध्यक्षांना पाच मिनिटं पुरे.

विक्रीसाठी अडीचशे लोकांमागे साठ-सत्तर प्रती पुरतात, कारण एका घरात एकच प्रत जाते. मराठी पुस्तकांच्या विक्रेत्याकडून 'उरलेल्या परत' या बोलीवर मागवा, पत्र सहा आठवडे आधी जायला हवं. इंग्रजी पुस्तकं परदेशी प्रकाशकाची असतील तर त्याहून आधी. टेबलावर क्यूआर कोड ठेवा, पण सभागृहात नेटवर्क दगा देतं म्हणून सुटे पैसे आणि पावतीपुस्तकही हवंच.

स्वाक्षऱ्या जेवणाआधी. रस्स्याचे हात आणि नवं पुस्तक यांची गाठ पडू देऊ नका. नावासकट एका स्वाक्षरीला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, म्हणजे साठ प्रतींना सलग पाऊण तास. एवढं एका दमात नको, मध्यंतरात अर्धं आणि मुलाखतीनंतर अर्धं ठेवा. रांगेत प्रत्येकाच्या हातात आधीच एक चिठ्ठी द्या, त्यावर नाव स्वच्छ लिहून घ्या आणि पुस्तकाचं पान उघडून पुढे सरकवायला एक कार्यकर्ता बसवा.

स्मरणिकेत त्यांच्या कृती छापणार असाल तर लेखी परवानगी घ्या, त्यांची आणि प्रकाशकाचीही. साहित्याची यादी सगळ्यांची असते, पण कृतीचं लेखन हे लेखिकेचं.

आणि तुमच्या वाचनालयात ही चारही पुस्तकं आज आहेत का? नसतील तर कार्यक्रमाआधी विकत घ्या, दाखल नोंद करा, 641.5 (ग्रंथालयातला पाककलेचा वर्गांक) खाली लावा. ती कपाटात नसताना सत्कार करणं शोभत नाही. प्रत्येकी दोन प्रती घ्या : एक संदर्भासाठी, एक घरी नेता येईल अशी. पाककृतीचं पुस्तक वाचनालयातच बसून वाचायचं असेल तर त्याचा उपयोग निम्मा होतो.

महाल_वाचक :

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रात्यक्षिक रद्द करून वाचन आणि सांबारवडी, हे मी समितीपुढे ठेवणार आहे. मनोगतं दोनवर आणायला थोडा विरोध होईल, पण बघू.

अडचण अशी की विचारणा केली त्या सभागृहात स्वयंपाकघर नाही. मागचं आवार लहान आहे, फार तर तीन चुली बसतील. भाकरी आणि लांब रोटी दोन्ही गरम देणं जमेल का? की एक सोडावं? आणि शाल-श्रीफळ, मानपत्र, भेटवस्तू यांबद्दल कुणी बोललं नाही.

चुलीपाशी :

तीन चुलींत दोन्ही जमणार नाही. हिशोब करा. एका तव्यावर तासाला तीस-पस्तीस भाकरी होतात. माणशी दीड धरली तर पावणेचारशे भाकरी, त्याला तीसेक किलो पीठ आणि दीड तासात उरकायचं तर सात-आठ तवे. म्हणून गरम लांब रोटी ठेवा, भाकरी मागवा.

भाकरी बाहेरून करून आणताना पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळायला सांगा. थंड पाण्याच्या पिठाची भाकरी निवली की तडतडते, उकडीची बराच वेळ मऊ राहते. दुरडीत जाड सुती कापड, मध्ये भाकरी, वरून तेच कापड दुमडून. डब्यात किंवा फॉइलमध्ये भरू नका, वाफ पाणी होऊन भाकरीवर बसते आणि खालच्या भाकरी लगदा होतात. जेवणाआधी तासभर यायला हव्यात, त्याहून आधी नको.

लांब रोटी करणाऱ्या बायका स्वतःचे माठ घेऊन येतात, पण एक जास्तीचा माठ मागून ठेवा. उपडा माठ तापताना तडकला तर ती चूल बंद पडते. कणीक सैल आणि आपटून आपटून लवचीक केलेली असावी लागते, ते काम रोटी सुरू होण्याच्या दीड-दोन तास आधी सुरू होतं, म्हणून त्यांना पाच वाजता बोलवू नका, साडेतीनला बोलवा. जागा, पाण्याचा नळ आणि डोक्यावर उजेड द्या. चुली वाऱ्याच्या दिशेने अशा मांडा की धूर पानांकडे जाणार नाही. रोटी पूर्ण पसरून हातावरून माठावर जाते हे पाहण्यासारखं असतं, पण लोकांनी गराडा घातला तर त्यांचा हात अडतो, म्हणून दोन मीटरवर दोरी बांधा.

रस्सा, भाजी, भात बाहेर शिजवून आणावे लागतील. केटररकडे अन्न परवाना आहे ना ते पाहा. गंज झाकणासकट बांधून, रस्सा चांगला वाफाळता असतानाच भरा आणि इथे एका चुलीवर पुन्हा उकळी आणा. भात सगळ्यात आधी बिघडतो, तो सगळ्यात शेवटी शिजवून आणायचा. शिजल्यापासून दोन तासांत पानावर.

कोष्टीपुरा :

भेट आणि मानपत्राचं सांगते.

शाल द्यायचीच असेल तर बाजारातली चकचकीत नको. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे कोसा (टसर रेशीम) विणतात, तिथलं उपरणं किंवा साडी घ्या. विणकराकडून घ्यायला महिना-दीड महिना लागू शकतो, आजच विचारा. भंडाऱ्याचं पितळही चांगलं. कल्हई केलेला लहान गंज, दोन-अडीच लिटरचा, द्या. पाच-सात लिटरचा दिला तर सामानात मावणार नाही आणि इथेच कुणाच्या तरी माळ्यावर पडेल. कल्हई ताजी करून द्या, नाहीतर आंबट रस्सा त्यात कळकतो.

श्रीफळ प्रतीकापुरतं हातात द्या, बांधून देऊ नका. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत. लोणचं, तूप हातातल्या पिशवीतून काढून घेतात. ताजी फळं आणि बियाणं बऱ्याच देशांत उतरल्यावर जप्त होतं, खव्याच्या संत्रा बर्फीवरही काही ठिकाणी आक्षेप घेतात. ती त्यांना पहिल्याच दिवशी खोलीवर पोचवा, इथेच खाऊन होईल. सोबत न्यायला दळलेला मसाला, भिवापुरी तिखट आणि हळद अडीचशे-अडीचशे ग्रॅमच्या हवाबंद पाकिटांत द्या. पाकिटावर साहित्य आणि दळल्याची तारीख छापा, म्हणजे तिकडे विचारलं तर दाखवता येतं.

माहेरवाशीण म्हणून ओटी भरावी असं समितीतल्या काहींच्या मनात येईल. भरा, पण आधी फोनवर विचारून आणि शक्यतो रंगमंचामागे. सगळ्यांनाच ते चालतं असं नाही, आणि अडीचशे लोकांसमोर नको म्हणता येत नाही.

मानपत्र दीडशे ते पावणेदोनशे शब्दांचं. वाचायला दीड मिनिट लागतं, त्यापलीकडे कुणी ऐकत नाही. नाव पुस्तकावर छापलं आहे तसंच, माहेरचं आडनाव जोडायचं की नाही ते त्यांनाच विचारा. पुस्तकांची नावं आणि वर्षं मुद्रण-पानावरून उतरवा, इंटरनेटवरून नको. 'साक्षात अन्नपूर्णा' वगैरे लिहू नका, ते कुणाबद्दलही लिहिता येतं. त्यांनी कोणत्या घटकांवर लिहिलं, कोणत्या कृती पहिल्यांदा मापात आणल्या, कोणत्या स्वयंपाकघरात काय काम केलं ते लिहा. मसुदा दहा दिवस आधी त्यांच्याकडे तपासायला पाठवा. चौकट ए-फोर मापाची आणि काचेऐवजी ॲक्रिलिकची, म्हणजे प्रवासात फुटत नाही.

आणखी एक, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. लांब रोटी करणाऱ्या बायका, मसाला कुटून देणारी, भाकऱ्या करणाऱ्या यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत छापा. जेवणाआधी बाईंच्या हस्ते त्यांनाही तेच कोशाचं उपरणं द्या. बाई ज्या चवीवर लिहितात ती या हातांनी टिकवली आहे, आणि त्यांना स्वतःला हा मान शालीपेक्षा जास्त भावेल असं मला वाटतं. चुली पेटल्यावर त्यांना उठता येत नाही, म्हणून हे सात वाजता, पहिली रोटी माठावर जाण्याआधी करा. त्यांच्या मेहनतीचे पैसे त्याच रात्री, रोख, पाकिटात. 'उद्या वाचनालयात येऊन घेऊन जा' असं सांगू नका. आणि त्यांची पानं पहिल्या पंगतीच्या वेळीच वेगळी काढून ठेवा, शेवटी पाटवडी उरत नाही.